टेबलावर ठेवून जा

आमच्या ग्रंथालयात वाचून झालेलं पुस्तक वाचकानं स्वतः रॅकवर लावायचं नाही, असा नियम आहे. ते टेबलावर ठेवून जायचं. तशी पाटी प्रत्येक टेबलावर आहे, कानडीत आणि इंग्रजीत. संध्याकाळी टेबलांवर जे राहिलेलं असेल त्याच्यापुढं मी तक्त्यावर टिक मारते, आणि मग आमचे शिपाई अण्णा ते उचलून जागच्या जागी लावतात. टिक माझं काम, उचलणं अण्णांचं. वर्षअखेरीला टिका बघायच्या. ज्याच्यापुढं टिक नाही ते कुणी वाचलेलं नाही, असं धरायचं.

नियम मी केलेला नाही, पण मला तो बरा वाटायचा. त्यात कुणाचा वशिला नाही, कुणाचा मोठा आवाज नाही. पुस्तक टेबलावर आहे किंवा नाही.

मी निपाणीची. बेळगावातल्या एका वैद्यकीय कॉलेजात सहायक ग्रंथपाल आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी. ए. निपाणीत केलं, ग्रंथालयशास्त्राच्या पदव्या धारवाडला जाऊन घेतल्या. हे मी सांगते, कारण मला त्याचा अभिमान आहे आणि तो लपवायचं काही कारण दिसत नाही. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. पाला झोडायचा, चाळायचा, काड्या बाजूला काढायच्या. तोंडाला पदर बांधून बायका ओळीनं बसायच्या. तरी घरी आल्यावर आईच्या केसांना, पोलक्याला, भाकरी थापणाऱ्या हातांना तोच वास असायचा. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच आयांना असा वास येतो.

डॉक्टर लोकांच्या कॉलेजात ग्रंथालय कसं भरत जातं, हे बाहेरच्याला ठाऊक नसतं. प्रत्येक विभाग आपली मागणी पाठवतो. ज्या विभागप्रमुखाचा आवाज मोठा त्याची मागणी वर. पुस्तकं येतात, शिक्का बसतो, रॅकवर चढतात. काही परदेशी मासिकं प्लॅस्टिकच्या पाकिटात येतात आणि पाकिटातच म्हातारी होतात. संशोधन म्हणाल, तर प्राध्यापक ते घरी बसून मोबाईलवर, लॅपटॉपवर करतात. आम्हाला कळतं ते लेख छापून आल्यावर, बढतीच्या अर्जाला त्याची प्रत जोडायची असते तेव्हा. मला एक खोड आहे. लेख हातात आला की मी शेवटचं पान आधी बघते, संदर्भांचं. त्यातलं आमच्याकडं काय आहे, काय नाही. बहुतेक वेळा काहीच नसतं. आमचे रॅक एका गावाचे आणि आमच्याच प्राध्यापकांचे लेख दुसऱ्या गावाचे.

एका सरांचं मात्र तसं नव्हतं.

हे सर कम्युनिटी मेडिसिनचे. मूळचे खानापूर तालुक्यातले, नंदगडच्या अलीकडच्या एका वाडीतल्या शेतकरी घरातले. निवृत्तीला आलेले. तंबाखूच्या धुळीनं बायकांच्या श्वासावर काय होतं, हा त्यांचा विषय. त्यांच्या प्रत्येक लेखाच्या शेवटच्या पानावर आमच्या अगदी मागच्या रॅकमधले खंड असायचे. कामगारांच्या आजारांवरचं एक मासिक पूर्वी निघायचं, केव्हाच बंद पडलं. त्याचे जाड पुठ्ठ्याचे बांधीव खंड आमच्याकडं होते. ते इंटरनेटवर नाहीत. त्यात वखारीतल्या बायकांच्या जुन्या पाहण्या होत्या, कुणाचा खोकला किती वर्षांचा, कुणाला जिना चढताना धाप लागते. मी एकदा एक खंड उघडून वाचत बसले आणि मला वाटलं, आमच्या गल्लीतलंच कुणीतरी बोलतंय. त्या बायकांबद्दल कुणीतरी एवढं नीट लिहून ठेवलं होतं, हेच मला तोवर माहीत नव्हतं.

आणि त्या रॅकपुढं टिक एकही नव्हती.

कारण साधं होतं. सर खंड काढायचे, उभ्याउभ्या नाहीतर खिडकीपाशी बसून वाचायचे, आणि परत नेमक्या जागी लावून जायचे. कडा बोटानं सारख्या करून. कितीतरी वर्षं.

मागच्या पावसाळ्याआधी ठरलं की तो रॅक काढायचा. कॉलेजची तपासणी होणार होती, तपासणीला डिजिटल विभाग दाखवायला हवा, आणि डिजिटल विभागाला जागा हवी. ग्रंथालय समितीच्या बैठकीत मी सरांच्या लेखांची शेवटची पानं घेऊन गेले. आमच्या रॅकचा जो जो संदर्भ होता त्यावर खूण केली होती. डीन साहेबांनी पानं बघितली, नीट बघितली, मी खोटं बोलणार नाही.

"मॅडम, हे छान आहे," ते म्हणाले. "पण वापर कुठं दिसतोय? तुमच्याच तक्त्यात शून्य आहे."

"सर वाचतात, साहेब. मी रोज बघते."

"तुम्ही बघता ते रिपोर्टात कसं घालू?"

पुढच्या बैठकीपर्यंत थांबू, तोवर टिका आल्या तर रॅक राहील, असं ठरलं. बाहेर आल्यावर आमचे मुख्य ग्रंथपाल जिन्यात थांबले. माणूस वाईट नाही. म्हणाले, "मारा की चार-पाच टिका. कोण बघाय बसलंय?"

"खोटी टिक मी मारणार नाही."

"तुम्ही लई कडक हाय बघा."

"व्हय, आहे."

आमच्या घरात सगळ्यांचा अंगठा. पहिली सही माझी. ज्या हातानं ती सही केली त्या हातानं खोटी खूण करायची नाही, हे मी कधी ठरवलं वगैरे नाही, ते तसंच आहे. पुढं जे झालं त्यानंतरही मला तसंच वाटतं.

मी सरांनाच गाठलं.

"सर, एक करा. वाचून झालं की खंड टेबलावर ठेवून जा."

"पसरून?"

"पसरून. ती पाटी बघा ना, त्यासाठीच हाय."

सर पाटीकडं बघून हसले. "अहो, आमच्या घरी विळा वापरला की खुंटीला. खुंटीला विळा नसला तर वडील ताटावर बसू देत नव्हते. साठीला आलो, आता मला पसारा करायला शिकवताय?"

"शिका सर. नाहीतर रॅक जातोय."

त्यांनी प्रयत्न केला, हे मी बघितलं. एक खंड टेबलावर ठेवला, दारापर्यंत गेले, चप्पल घातली, मग वळून परत आले. मी मान हलवून नको नको म्हणत होते. त्यांनी खंड उचलला आणि लावला. "राहवत नाही हो," म्हणाले आणि गेले. अण्णा माझ्याशेजारी उभे होते. "आक्का, ह्यांच्या बायकोचं नशीब बघा," ते म्हणाले. मी त्या दिवशी हसले होते. हसल्याचं आठवतं म्हणून लिहिते.

त्याच सुमारास आई एकदा ग्रंथालयात आली होती. सरांच्या नव्या पाहणीत निपाणीच्या वखारीतल्या बायका होत्या, त्यात आईही होती. गल्लीतल्या बायका तयार होईनात, तेव्हा मीच मध्ये पडून सगळ्यांना गोळा केलं होतं. एका यंत्राच्या नळीत जोरात फुंकायचं, आणि वर्षानं परत तेच करायचं. म्हणजे श्वास तेवढाच आहे की कमी झाला ते कळतं. पहिल्यांदा गल्लीतच तपासलं तेव्हा सरांचा विद्यार्थी ओरडत होता, "फुंका, फुंका, अजून फुंका," आणि आई म्हणाली होती, "एवढं फुंकून चूल पेटली असती, दोन भाकऱ्या झाल्या असत्या." सगळ्या बायका हसल्या आणि हसता हसता खोकायला लागल्या.

या वेळी आई दम लागतो म्हणून ओपीडीला आली होती. निपाणीहून एकटी बसनं. औषधं मिळाल्यावर माझी सुट्टी होईपर्यंत वाचनालयात बसली, पिशवी मांडीवर घेऊन.

"ही समदी तू वाचलीस व्हय गं?"

"न्हाय आई. मी सांभाळते."

"सांभाळायचा पगार देत्यात?"

"देतात की."

"बरं हाय." तिनं थोडा दम घेतला. "आणि ते टेबलावर पडल्यालं काय?"

मी तिला टिकांचं सांगितलं. सरांचंही सांगितलं, कसे ते सगळं लावून जातात आणि त्यामुळं रॅक कसा जायला निघालाय. आईला ते लगेच कळलं.

"आमच्या वखारीत तसंच. सांजच्याला मुकादम येनार. पुढ्यात ढीग दिसला तर तू काम केलंस. ढीग उचलून आत ठेवलास तर बसून राहिलीस." मग म्हणाली, "त्या मास्तरला सांग, ढीग पुढ्यात ठेव म्हणावं."

मी सरांना तसंच सांगितलं, आईच्याच शब्दांत. सर म्हणाले, "हे मात्र लक्षात राहील."

त्यानंतर दुसऱ्याच दिवशी आईला ॲडमिट करावं लागलं. आमच्याच कॉलेजच्या हॉस्पिटलात. मी रजेचा अर्ज दिला आणि वॉर्डात राहिले.

त्या दिवसांचं मला फारसं काही सांगता येत नाही. दुःख झालं असं म्हणतात, तसं काही झालेलं मला आठवत नाही. बारीकसारीक गोष्टी आठवतात. पलंगाच्या पायाला पांढऱ्या रंगानं लिहिलेला वॉर्डाचा नंबर. चादरीवरचा निळा शिक्का, जो आमच्या पुस्तकांवरच्या शिक्क्यासारखाच गोल आहे. सिस्टर कानडीत विचारायच्या, आई बाजारातल्या कानडीत उत्तर द्यायची आणि माझ्याकडं बघून मराठीत पुरं करायची. मास्क लावल्यावर तिनं एकदा तो काढून विचारलं, "त्या मास्तरनं ढीग ठेवला का गं?" मी म्हटलं, "ठेवला असेल." ती म्हणाली, "बघून ये जा." मी गेले नाही. ग्रंथालय समोरच्याच इमारतीत होतं. मला उठावंसं वाटलं नाही.

आई गेली तेव्हा मी कॅन्टीनमधून चहा घेऊन येत होते. चहा मी खिडकीत ठेवला. तो तिथंच राहिला असणार.

तिला निपाणीला नेलं. संकेश्वरच्या पुढं साखर कारखान्याच्या मळीचा वास गाडीत आला तेव्हा ड्रायव्हरनं काचा वर केल्या. वखारीतल्या बायका आल्या, ओळीनं बसल्या, रडल्या. मला रडू येईना. एक आजी म्हणाली, "पोरगी शिकल्याली हाय, आत दाबून धरती." मी काही धरलं नव्हतं.

दिवसकार्य उरकून मी कामावर आले तेव्हा ग्रंथालयाची टेबलं लख्ख होती. काचेवर बोटाचा डाग नाही. तक्त्यावर माझ्या रजेच्या दिवसांचे रकाने कोरे होते. बैठक त्याच आठवड्यात होती.

सर मला भेटायला आले. आईबद्दल दोन शब्द बोलले, मग म्हणाले, "मॅडम, मी रोज ठेवला बरं का. तुम्ही गेल्यापासून रोज. चार-चार खंड, पसरून. तुमच्या आईनं सांगितलं होतं ना. आता जमायला लागलं."

मी तक्त्याकडं बघितलं. मग अण्णांकडं.

अण्णा झाडणी हातात घेऊन उभे होते. "ते मी उचलत होतो की," ते म्हणाले. "रोज लगेच लावून टाकत होतो. म्हटलं, आक्का दुःखात हाय, येईल तवा पसारा दिसाया नको. टेबलं सोच्छ दिसूदेत."

"टिक?" सरांनी विचारलं.

"टिक माझ्याकडं न्हाय सर. टिक आक्काकडं."

बोल कुणाला लावायचा? सरांनी आयुष्याची सवय मोडली होती, माझ्या आईच्या सांगण्यावरून. अण्णांनी रोज ती टेबलं पुसली होती, माझ्यासाठी. दोघांनीही जे केलं ते चांगलंच केलं. कोऱ्या रकान्यात मला आता मागून टिका मारता आल्या असत्या, आणि त्या खऱ्याही असत्या. पण मी ते बघितलं नव्हतं. मी नुसतं ऐकलं होतं.

अण्णांना थोड्या वेळानं उलगडलं. "आक्का, चुकलं व्हय माझं?"

"न्हाय अण्णा. टेबलं लई छान ठेवलीसा."

बैठकीत मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. डीन साहेब म्हणाले, समजतंय मला, पण मागून काही धरता येत नाही. ते ज्या नियमानं बोलले तो मला बरा वाटायचा, हे मी वर लिहिलंच आहे.

खंडांच्या पहिल्या पानावर बाद केल्याचा शिक्का मारायचा असतो. तो मी मारला. सरांनी ते आपल्याला मिळतील का विचारलं, पण बाद झालेला माल कुणा एकाला देता येत नाही, ठेकेदाराकडंच जातो. टेंपो मागच्या दाराला लागला. अण्णांनी एक खंड उचलून दिला, मी तो पुढं दिला, असं करत रॅक रिकामा झाला. रॅकच्या मागची भिंत वेगळ्या रंगाची निघाली. सरांचं काम अडलं नाही. त्यांनी हवी ती पानं मोबाईलवर काढून घेतली होती. पण त्यांच्यानंतर कुणी हा विषय घेतला, तर त्यानं कुठं जायचं, ते मला माहीत नाही. आता तिथं खुर्च्या आहेत, आणि मोबाईल चार्ज करायची सोय आहे. मुलं तिथं बसतात. टेबलावर काही नसतं. तपासणी छान झाली.

निवृत्त व्हायच्या आधी सर एकदा आले. माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसले.

"तुमच्या आईचं पहिलं फुंकलेलं आमच्याकडं आहे," ते म्हणाले. "दुसरं नाही. तुमची हरकत असेल तर त्यांची नोंद मी काढून टाकतो. नाहीतर दुसऱ्या तपासणीच्या आधी मृत्यू, असं धरावं लागतं."

"राहू दे सर."

"विचार करून सांगा."

"केला. ती आली होती, तिनं फुंकलं होतं. राहू दे."

लेख यंदा छापून आला. परदेशातल्या मासिकात. ते मासिक आमच्याकडं येत नाही, ऑनलाइनही नाही. म्हणजे आमच्याच प्राध्यापकांनी, आमच्याच भागातल्या बायकांवर, आमच्याच रॅकवर वाचून लिहिलेला लेख आमच्या ग्रंथालयात उघडत नाही. मला राग आला का? नाही. आमच्याकडं नसलेलं दुसऱ्या ग्रंथालयातून मागवणं हे माझं रोजचंच काम आहे. मी मागवला. आला. छापून घेतला, पिन मारली, शिक्का मारला, आमच्या प्राध्यापकांच्या लेखांच्या पेटीचा नंबर घातला.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी माझ्या टेबलाशी नाही, वाचकांच्या टेबलाशी बसले. सवयीनं शेवटचं पान आधी बघितलं. ते खंड तिथं होते, एकाखाली एक. मग पहिल्यापासून वाचला. इंग्रजी मला येतं, तरी सावकाश वाचला. मधल्या एका तक्त्यात दुसऱ्या तपासणीआधी वारलेल्या बायकांची ओळ आहे. त्यात नावं नाहीत, नुसता आकडा. त्या आकड्यातली एक आई. कितवी ते कळत नाही. मी त्या ओळीवर बोट ठेवून बसले. काहीतरी वाटेल असं वाटलं होतं. तंबाखूचा वास आठवून बघितला, तोही नीट आठवेना.

सुट्टी संपली. लेख मी पेटीत ठेवला नाही. तिथंच टेबलावर, उघडा ठेवून माझ्या जागी गेले.

संध्याकाळी अण्णा नेहमीसारखे पहिल्या टेबलापासून उचलत आले. त्या कागदांपाशी थांबले. त्या दिवसांपासून टिक झालेली नसेल तर ते विचारल्याशिवाय काही उचलत नाहीत.

"आक्का, हे उचलू का?"

"थांबा अण्णा," मी म्हटलं, आणि तक्ता घेऊन उठले. "आधी टिक मारते."